पायांची आग, जुन्या एसएलएन गोळ्या आणि आज चालू असलेलं औषध

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या मिस्टरांना २००७ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध, चालू आहे. पहिली पाच वर्षं एसएलएन ही गोळी, मग टीएलई आणि आता तीनेक वर्षं टीएलडी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका कमी आहे. पण पहिल्या वर्षापासूनच तळपायांची आग सुरू झाली, ती कधी पूर्ण गेली नाही. गेल्या वर्षभरात पुन्हा वाढली आहे. रात्री पाय चादरीबाहेर काढून झोपतात. वय ५४. दीड वर्षापासून शुगरची गोळीही चालू आहे. दीर म्हणतात, इतकी वर्षं उष्ण गोळ्या खाऊन नसा जळल्या, आता त्या बंद करा. हे गोळ्यांमुळे झालं का? बंद कराव्यात का? नसा परत भरून येतील का?"

ताई, आधी मधल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण त्यात वेळ घालवून चालणार नाही. टीएलडी बंद करू नका. एक दिवससुद्धा नको. तुमच्या दिरांचं अर्धं म्हणणं खरं आहे, एका गोळीने नसांना इजा केली. पण ती गोळी तुमच्या घरात आता नाही, ती २०१२ मध्येच सुटली. आज जी गोळी ते घेतात तिने विषाणू दाबून धरला आहे. ती थांबवली तर काही आठवड्यांत व्हायरल लोड वर येतो. आणि एचआयव्ही हा विषाणू स्वतःच पायांच्या नसा खराब करतो, औषध न घेतलेल्या माणसांनासुद्धा अशीच आग होते. म्हणजे गोळ्या बंद केल्याने पायांना आराम पडणार नाहीच, उलट दुखण्याला दुसरं कारण मिळेल.

आता एसएलएनबद्दल. ही तीन औषधांची एकत्र गोळी होती: स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन. यातलं पहिलं, स्टॅव्हुडिन, तुमच्या मिस्टरांच्या पायांना भोवलं असण्याची शक्यता फार मोठी आहे. अमेरिकेत १९९४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली तेव्हाच हात-पायांच्या नसांवर त्याचा परिणाम होतो हे माहीत होतं. मग ते दिलं का, असं तुम्ही विचाराल. मला हे नेहमी विचारलं जातं, आणि विचारायलाच हवं.

तो काळ आठवा. २००० च्या आसपास तीन औषधांचा वर्षाचा खर्च परदेशात दहा-पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी हीच तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षाही कमी. त्या स्वस्त औषधांत स्टॅव्हुडिन होतं. १ एप्रिल २००४ ला सरकारने मोफत एआरटी सुरू केली, पहिल्या मोजक्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. मी नंतर वर्षभरात जिल्ह्याच्या एका केंद्रावर रुजू झाले. आमच्याकडे मुख्य पर्याय दोनच असायचे, एसएलएन किंवा झेडएलएन. झेडएलएनमधल्या झिडोव्हुडिनने रक्त कमी होतं, आणि आमच्याकडे येणाऱ्यांचं हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊच्या खाली. टीबी झालेले, हाडांचा सापळा उरलेले, बायकोने पाठुंगळी घेऊन आणलेले लोक. त्यांना एसएलएन दिली आणि सहा महिन्यांत ते चालत येऊ लागले. तुमचे मिस्टर आज तुमच्यासोबत आहेत, त्यात त्या गोळीचा मोठा वाटा आहे. तिने जीव राखला आणि पाय दुखावले, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यातली एक सांगून दुसरी लपवणं मला कधी पटलं नाही.

पाय दुखावतात कसे, ते सांगते. विषाणू स्वतःची नक्कल करताना एकामागोमाग एक विटा रचतो, तसं समजा. स्टॅव्हुडिन ही खोटी वीट. ती बसली की पुढचं बांधकाम थांबतं. पण आपल्या पेशींमध्येही एक छोटा कारखाना असतो, मायटोकॉन्ड्रिया, तिथे पेशीची ऊर्जा तयार होते. त्याचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो आणि त्याची नक्कल करणाऱ्या यंत्रणेलाही ही खोटी वीट ओळखता येत नाही. मग कारखाने हळूहळू बंद पडत जातात. आपल्या शरीरात सगळ्यात लांब नस कंबरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, जवळजवळ एक मीटर. ऊर्जेचा तुटवडा पहिल्यांदा जाणवतो तो तिच्या अगदी शेवटच्या टोकाला. कालव्याला पाणी कमी सुटलं की टेलच्या शेतकऱ्याचं पीक आधी वाळतं, मुखाजवळच्याचं नंतर, तसंच हे. म्हणून आग बोटांच्या टोकांपासून सुरू होते, दोन्ही पायांना सारखी होते आणि मोजा चढवावा तशी वर सरकते. उंच माणसांना आणि चाळिशी ओलांडलेल्यांना हा त्रास जास्त होतो असं दिसून आलं, त्यात नसेच्या लांबीचा भाग असावा. स्टॅव्हुडिनची दोन भावंडं, डिडॅनोसिन आणि झाल्सिटाबिन, याच स्वभावाची. झाल्सिटाबिन तर २००६ मध्ये बाजारातूनच गेलं.

लॅमिव्हुडिन आणि टेनोफोव्हिर याच कुळातली आहेत, पण ती मायटोकॉन्ड्रियाच्या वाटेला जवळजवळ जात नाहीत. टीएलडीमध्ये हीच दोन आहेत आणि सोबत डोल्युटेग्राव्हिर. म्हणून म्हणते, जुन्या गोळीचा राग नव्या गोळीवर काढू नका.

एक माणूस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. २००८ चा पावसाळा. गवंडीकाम करणारा, पस्तिशीचा, उंच. नंबर आल्यावर आत आला तर एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. मी विचारलं, "दुसरी कुठंय?" त्याने खाली पाहिलं. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंतच्या चिखलात कुठेतरी चप्पल निघाली होती आणि त्याला कळलंच नव्हतं. तळव्याला काचेचा तुकडा रुतलेला, रक्त येऊन थांबलेलं. त्याची तक्रार मात्र आगीचीच होती, "मॅडम, रात्री पाय तव्यावर ठेवल्यागत वाटतं." पितळी ट्यूनिंग फोर्क वाजवून मी त्याच्या अंगठ्यावर ठेवला. तो म्हणाला, "थंड लागतंय." थरथर लागते का? नाही. घोट्यावर? नाही. गुडघ्याखाली ठेवला तेव्हा दचकला, "हां, आता गुणगुणतंय." आग होत असलेल्या त्याच पायाला स्पर्श कळत नव्हता. त्याआधीच्या दोन भेटींत त्याने "पायाला मुंग्या येतात" असं सांगितलं होतं आणि मी बी-कॉम्प्लेक्स लिहून दिलं होतं. तीनशेची ओपीडी होती हे खरं, पण मोजे उतरवून, चप्पल काढून पाय बघायला दोन मिनिटं लागतात. त्या दिवसापासून मी पाय बघितल्याशिवाय एसएलएनचा पेशंट सोडला नाही.

पुढे नियम बदलत गेले. आधी साठ किलोंवरच्या माणसाला ४० मिलिग्रॅमची मात्रा होती. मग जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्यांनाच ३० मिलिग्रॅम द्यायला सांगितलं, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये स्टॅव्हुडिन टप्प्याटप्प्याने बंदच करा, त्याचे दुष्परिणाम दीर्घकालीन आणि न भरून येणारे आहेत, असं स्पष्ट म्हटलं. आपल्याकडे ते प्रत्यक्षात यायला आणखी दोन-तीन वर्षं गेली. तुमच्या मिस्टरांचं २०१२ मध्ये बदललेलं औषध त्याच लाटेतलं. बदलल्यावर पहिले दीड-दोन महिने आग कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती का, आठवून बघा. काहींना तसं व्हायचं. औषध थांबलं तरी नसेची पडझड थोडे दिवस चालूच राहते, मग ती थांबते आणि सुधारणा हळूहळू दिसते. त्या वेळी कित्येक जण घाबरून "नवी गोळी पण तशीच निघाली" म्हणत यायचे.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दाकडे येते. "पुन्हा वाढली." माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात हाच शब्द महत्त्वाचा आहे. स्टॅव्हुडिनची इजा जितकी व्हायची तितकी तेव्हाच झाली. बारा-तेरा वर्षांनी ती आपण होऊन वाढत नाही. गेल्या वर्षभरात आग वाढली असेल तर काहीतरी नवं कारण आलं आहे, आणि ते बहुतेक वेळा उपचार करता येण्यासारखं असतं. जुन्या गोळीवर सगळं खापर फोडून गप्प बसलो तर ते कारण निसटेल.

पहिला संशय शुगरवर. मधुमेहाने नेमकं याच जागी, याच पद्धतीने नसा खराब होतात. आधीच अशक्त झालेली नस असेल तर थोड्या वाढलेल्या साखरेनेही बिघडते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी करून घ्या, केवळ उपाशीपोटीच्या शुगरवर विसंबू नका. दुसरं, ती शुगरची गोळी कोणती आहे ते पाकिटावर वाचा. मेटफॉर्मिन असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. डोल्युटेग्राव्हिरमुळे रक्तातलं मेटफॉर्मिन वाढतं, त्यामुळे दोन्ही सोबत असताना मेटफॉर्मिन दिवसाला एकूण १००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. शुगरच्या डॉक्टरांना टीएलडीबद्दल सांगितलेलंच नसतं, असं मी फार वेळा पाहिलंय. कारण उघड आहे, लोकांना सांगायची भीती वाटते. पण निदान औषधाचं नाव तरी सांगा. आणि दुसरं म्हणजे मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ कमी होतं. माळकरी किंवा शाकाहारी घर असेल तर ते आधीच काठावर असतं. बी-१२ कमी पडल्याने होणारी आग आणि मुंग्या इंजेक्शनने सुधारतात, म्हणून ते शोधणं मला सगळ्यात आवडतं. फक्त रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर घ्या. उलट केलं तर रिपोर्ट नॉर्मल येतो आणि खरी गोष्ट कळत नाही.

गेल्या एक-दोन वर्षांत टीबीचं किंवा टीबी होऊ नये म्हणून औषध झालं का? त्यातलं आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ संपवतं आणि पायांची आग करतं, म्हणून त्यासोबत बी-६ ची छोटी गोळी द्यायची असते. ती विसरली गेली असेल तर सांगा. एमडीआर टीबीसाठी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी, लिनेझोलिड मिळालं असेल तर तेही नसांना चांगलंच त्रासदायक आहे. दारू असेल तर ती किती, हे खरं सांगा, त्यात डॉक्टरांना रागवायचं काही नसतं.

आणि एक गोष्ट महाराष्ट्रातल्या डॉक्टरने विसरायची नाही, ती म्हणजे कुष्ठरोग. एकाच पायाला जास्त त्रास, अंगावर न खाजणारा फिकट चट्टा, कोपराच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला दोरीसारखी जाड लागणारी नस, यांपैकी काही असेल तर तो त्रास एआरटीमुळे नाही. तपासणाऱ्याने बोटांनी त्या नसा चाचपून पाहिल्या पाहिजेत. एसएलएनचा पेशंट म्हणून पाठवलेल्या एका बाईंच्या बाबतीत मला ही नस हाताला लागली होती. बारा महिन्यांच्या गोळ्यांनी त्या बऱ्या झाल्या.

आता एक उलटा धोका. "नसांच्या ताकदीची" म्हणून मिळणाऱ्या गोळ्या आणि कॅप्सूल. मेडिकलमधून आणून लोक वर्षानुवर्षं दोन-दोन, तीन-तीन खातात. त्यांतल्या काहींत बी-६ भरपूर असतं, आणि ते मोठ्या मात्रेत बराच काळ घेतलं तर तेच नसा खराब करतं. मुंग्या येतात म्हणून गोळी, गोळीने मुंग्या, म्हणून आणखी गोळी, असं चक्र मी पाहिलंय. शिवाय या गोळ्यांत जस्त, लोह, कॅल्शियम असेल तर ते पोटात डोल्युटेग्राव्हिरला धरून ठेवतात आणि ते अंगी लागत नाही. ॲसिडिटीच्या पातळ औषधांचंही तेच. अशी काही गोळी चालू असेल तर टीएलडी तिच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी.

दुखण्यावरच्या औषधांत एक नाव पाठ करून ठेवा: कार्बामाझेपिन. बरेच जण ते टेग्रेटॉल म्हणून ओळखतात. नसेच्या दुखण्याला गावातले डॉक्टर ते सर्रास लिहून देतात, आणि एरवी त्यात काही चूक नाही. पण टीएलडीवर असलेल्या माणसात ते डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी पाडतं. आपल्याला वाटतं गोळी रोज चालू आहे, आणि आत विषाणूला मोकळीक मिळते. फेनिटॉइनचंही तसंच. कोणी दिलंच असेल तर मनाने बंद न करता एआरटी सेंटरला दाखवा, टीएलडीसोबत डोल्युटेग्राव्हिरची वेगळी जादा गोळी द्यायची सोय असते, किंवा दुखण्याचं औषध बदलता येतं.

मग द्यायचं काय? मी रात्रीची ॲमिट्रिप्टिलिन, दहा मिलिग्रॅमपासून, किंवा गॅबापेंटिन थोड्या मात्रेत सुरू करून वाढवत नेते. या दोन्हींचा टीएलडीशी झगडा नाही. प्रोस्टेट, काचबिंदू, हृदयाचे ठोके अनियमित असतील तर ॲमिट्रिप्टिलिन नको, आणि गॅबापेंटिनची मात्रा किडनीच्या रिपोर्टप्रमाणे ठरवायची. पण तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. एचआयव्हीशी संबंधित आगीवर नीट चाचण्या झाल्या तेव्हा ॲमिट्रिप्टिलिन आणि प्रीगाबालिन ही औषधं औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. मिरचीतल्या कॅपसेसिनच्या तीव्र पट्टीने काहींना फायदा दिसला, पण ती आपल्याकडे सहज मिळत नाही. तरीही मी औषध देते, कारण समोरच्या एका माणसाला त्याने झोप लागली तर ती झोप खरी असते. चार-सहा आठवडे पुऱ्या मात्रेत देऊन पाहायचं, उपयोग नसेल तर बंद करायचं. वर्षानुवर्षं ओढत न्यायचं नाही.

घरी करता येण्यासारखं: झोपण्याआधी दहा मिनिटं साध्या थंड पाण्यात पाय. बर्फ नको, बधिर पायाला बर्फही भाजतो. चादर पायाला लागून त्रास होत असेल तर पायथ्याला उलटी पाटी किंवा स्टूल ठेवून चादर वर उचलून धरा. शेक अजिबात नको. गरम पाण्याची पिशवी, तव्यावरचं फडकं, विटेचा शेक, यांनी झालेले फोड मी आगीच्या औषधांपेक्षा जास्त वेळा हाताळले आहेत.

कारण खरं भय आगीचं नाही. आग होते म्हणून माणूस डॉक्टरकडे येतो. पाय बधिर होतो तेव्हा तो येत नाही. एखाद्याची आग आपोआप थांबली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, पण मी आधी ट्यूनिंग फोर्क काढते. आग दोन कारणांनी थांबते, नस सुधारली म्हणून, किंवा नसेचं टोक पुरतं गेलं म्हणून. कोणतं ते स्पर्श तपासल्याशिवाय कळत नाही.

ही तपासणी तुम्हीच आज रात्री करू शकता, ताई. त्यांना डोळे मिटून पडायला सांगा. तुमच्या बोटाच्या टोकाने त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच स्पर्श करा, एक-दोन सेकंद, दाबू नका आणि टिचकी मारू नका. प्रत्येक वेळी कळलं की त्यांनी डावा की उजवा तेवढं सांगायचं. दोन्ही पाय मिळून सहा जागा. दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर त्या पायांची संवेदना गेली आहे असं धरा आणि पुढचं सगळं काटेकोर पाळा. अनवाणी फिरणं बंद, घरातसुद्धा. देवळात गेलात तर सावलीतल्या फरशीवरूनच. रोज संध्याकाळी तळवा आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही बघायच्या, त्यांनी नव्हे, कारण पन्नाशीनंतर चष्म्याशिवाय स्वतःचा तळवा दिसत नाही. आंघोळीचं पाणी कोपराने पाहायचं. चप्पल मऊ एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली, कुष्ठरोगाच्या केंद्रांवर मिळते तीच. ती घालायला लोकांना संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. आता तसल्या सोलच्या साध्या दिसणाऱ्या सँडल चांगले चांभार बनवून देतात.

नसा भरून येतील का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. स्टॅव्हुडिनने गेलेला भाग बारा वर्षांत जितका परत यायचा तितका आला असणार, उरलेला आता येईल असं मी म्हणणार नाही. पण गेल्या वर्षभरात वाढलेला त्रास हा वेगळा हिशेब आहे. तो साखर किंवा बी-१२ मुळे असेल तर काही प्रमाणात परत मागे येऊ शकतो, मात्र दिवसांत नव्हे. नस दुरुस्त होते तेव्हा दिवसाला फार तर एखाद्या मिलिमीटरने पुढे सरकते. सहा महिने ते वर्ष धरून चाला.

वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. कावीळ बी साठी पूर्वी टेल्बिव्हुडिन घेतलेल्यांना, विशेषतः सोबत इंटरफेरॉनची इंजेक्शनं झाली असतील तर, असाच त्रास झालेला आहे. आणि नागीण बरी झाल्यावर त्याच पट्ट्यात दुखत राहतं, त्याचा दोष ॲसायक्लोव्हिरला देऊ नका, ते दुखणं त्या विषाणूने नसेला केलेल्या जखमेचं आहे. उलट औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर नागीण लवकर आवरते.

ताई, पुढच्या तारखेला सेंटरवर जाताना हिरवं पुस्तक, म्हणजे एआरटीचं नोंदपुस्तक, सोबत न्या, जुनंसुद्धा. त्यात एसएलएन कधी सुरू झाली, ३० ची होती की ४० ची आणि कधी बदलली हे लिहिलेलं असेल. शुगरची, बीपीची, ताकदीची, आयुर्वेदिक, सगळ्या औषधांची पाकिटं एका पिशवीत घाला. आत गेल्यावर "पाय दुखतात" एवढंच सांगून थांबू नका. त्यांना खुर्चीत बसवा, मोजे उतरवा आणि म्हणा, "मॅडम, जरा पाय बघता का?"